थापटणे आणि चबुतरा

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून पक्के कोण, कच्चे कोण हे पारखले, ही आख्यायिका वारकरी परंपरेने जपली आहे. कच्चे मडके ठरलेले नामदेव दुखावले. पण तेथूनच ते विसोबा खेचरांकडे वळले. हे थापटणे घटाची परीक्षा घेते, घट फोडत नाही. लेखकाच्या पुतळ्याचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने विचार करताना हा भेद कळीचा ठरतो.

जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. ‘राजसंन्यास’मधील संभाजीराजांचे चित्रण बदनामीकारक आहे, हा त्यामागील आक्षेप. गडकऱ्यांच्या १९१९ मधील निधनामुळे हे नाटक अपुरे राहिले. पात्राचा उद्गार म्हणजे लेखकाचे मत नव्हे, हा बचाव योग्य असला तरी पुरेसा नाही. उक्ती पात्राची असली, तरी उक्तींची रचना लेखकाचीच असते. आणि बखरींतून आलेली विलासी राजाची प्रतिमा या रचनेने शोकात्मिकेचा पाया म्हणून स्वीकारली आहे. आक्षेपाला येथे निश्चितच जागा आहे.

मात्र त्या प्रतिमेला मराठीत पूर्वीच उत्तर दिले गेले होते. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मधील संभाजीचरित्र आणि कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) या ग्रंथांनी ऐतिहासिक साधनांच्या आधारे तिची फेरतपासणी केली. थापटणे म्हणतात ते हेच. त्यामुळे नाटक नष्ट झाले नाही. ते कसे वाचावे, हे मात्र बदलले.

पुतळा उखडल्याने यातले काहीच साधत नाही. संहिता जशीच्या तशी राहते. उलट, रिकामा चबुतरा गडकऱ्यांना वादातीत करतो. एका नाटककाराचे स्मारक स्वातंत्र्याचे प्रतीक बनते आणि प्रतीकाची चिकित्सा हा द्रोह ठरू लागतो. पाडणारे आणि पूजणारे, दोघांचीही नाटक वाचण्यातून सुटका होते.

लेखकाचा पुतळा तो निर्दोष आहे म्हणून राखायचा नसतो. त्याच्याशी असलेला वाद संपलेला नाही, म्हणून राखायचा असतो. तेरहून निघालेल्या नामदेवांचे मस्तक शाबूत होते; म्हणूनच त्यांना पुढचा प्रश्न विचारता आला.