दत्तक कॅमेरे

कोल्हापुरात एखाद्या मिसळवाल्यानं 'मूळचे, जुने व प्रसिद्ध' अशी पाटी लावली, की गल्लीच्या टोकाला 'त्याहून जुने' उगवतंच. चालायचंच! पण हल्ली कॅमेऱ्यांनीही हा वसा घेतला आहे. ज्याच्या त्याच्या खोक्यावर घराण्याची वंशावळ!

'फोग्टलेंडर'चंच घ्या. पेढी मूळची व्हिएन्नाची, स्थापना १७५६. म्हणजे आपलं पानिपत व्हायचं होतं, आणि फोटो नावाची वस्तूही! १९९९ पासून मात्र या नावाची भिंगं जपानची कोसिना कंपनी बनवते. 'झाईस आयकॉन' हा दुसरा जर्मन कुलदीपकही २००५ च्या सुमारास तिच्याच मांडीवर बसला.

आता दत्तकाला आम्ही कोल्हापूरकर काय नावं ठेवणार? खुद्द शाहू महाराज १८८४ साली दत्तक आले आणि त्यांनी गादीचं नाव मोठं केलं. कोसिनाची भिंगंही चांगली असतात, तेव्हा तिला सगळं माफ. दत्तकाला गोत्र विचारू नये, कर्तृत्व विचारावं.

पण 'याशिका' पाहा. २०१७ साली हे जुनं नाव लावून 'वाय-३५' नावाचा कॅमेरा पुढं आला. आत घालायला फिल्मची डबी, ओढायला खटका, थाट सगळा आजोबांच्या वेळचा. आणि डबीत फिल्मच नाही! डबी बदलली की फोटो कृष्णधवल होतो, एवढंच. जे काम एका बटणानं झालं असतं, त्यासाठी ही सगळी वरात. हे म्हणजे आजोबांची पगडी घालून त्यांची पेन्शन मागायला जाण्यासारखं झालं.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला नेमका उलटा प्रकार झाला. प्रादा कंपनीनं आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मिरवली, पण कोल्हापूरचं नाव काही घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा कुठं ऋण मान्य केलं. तिथं घडण होती, नाव नव्हतं. इथं नाव आहे, घडण नाही. कारागीर बिचारा दोन्हीकडं दाराबाहेरच!

बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास आमच्या याच गावात चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. उद्या कुणी 'पेंटर, स्थापना १९१८' असा कॅमेरा बाजारात आणलाच, तर छाती फुगवण्याआधी मी एवढंच विचारीन, "वंशावळ राहू द्या हो, स्क्रू कुणी पिळला ते सांगा!"