तुरुंगकथेचा शेवट : ‘स्कूप’ मालिकेच्या निमित्तानें

तुरुंगाच्या कथेचा आरंभ करणें कोणाही लेखकास फारसें जड जात नाहीं. दार उघडतें, मनुष्य आंत जातो, दार लागतें. प्रेक्षकाचें मन आपोआप हेलावतें. खरी परीक्षा असते ती शेवटाची. नायिकेस बाहेर काढावें, तर जिच्याबरोबर तिनें दिवस काढले त्या बाकीच्या बायकांचें काय करावयाचें? तिला आंतच ठेवावें, तर कथा संपली असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? हंसल मेहता यांनीं दिग्दर्शित केलेली आणि मृण्मयी लागू वायकूळ यांच्या साहाय्यानें उभी केलेली ‘स्कूप’ ही सहा भागांची हिंदी मालिका २ जून २०२३ रोजीं नेटफ्लिक्सवर आली. तिची वाहवा पुष्कळ झाली व ती बव्हंशीं योग्यच होती. परंतु तिच्या शेवटाकडे जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलें नाहीं, म्हणून हा लेख.

मालिकेच्या मुळाशीं असलेली हकीकत आमच्या उपनगरांतील वाचकांस परकी नाहीं. ११ जून २०११ रोजीं दुपारीं ‘मिड-डे’ पत्राचे गुन्हेवृत्त-संपादक ज्योतिर्मय डे यांचा पवईच्या हिरानंदानी वसाहतींत गोळ्या घालून खून झाला. पांच महिन्यांनंतर, २५ नोव्हेंबर रोजीं, ‘एशियन एज’ पत्राच्या वार्ताहर जिग्ना व्होरा यांस त्याच प्रकरणांत अटक झाली. कायदा लावला तो संघटित गुन्हेगारीचा, ज्यास आपण मोक्का म्हणतों. जुलै २०१२ मध्यें त्या जामिनावर सुटल्या. पुढें २ मे २०१८ रोजीं विशेष न्यायालयानें छोटा राजन व इतर आठ जणांस जन्मठेप दिली आणि व्होरा यांस निर्दोष ठरविलें. भायखळ्याच्या तुरुंगांतील दिवसांविषयीं त्यांनीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक २०१९ सालीं निघालें. त्यावर ही मालिका बेतलेली आहे. नांवें मात्र बदललीं आहेत. नायिका येथें जागृति पाठक झाली आहे व मारला गेलेला पत्रकार जयदेब सेन.

पूर्वार्ध वृत्तपत्राच्या कचेरीचा आहे आणि तो उत्तम साधला आहे. जागृति ही पोलीस अधिकाऱ्यांच्या मर्जींतून बातमी काढणारी, पहिल्या पानासाठीं जीव टाकणारी बाई. घरीं आजी-आजोबा, मामा, एकटीनें वाढविलेला मुलगा. असें घर घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही इमारतींत दाखवितां येईल. पोलिसांनीं सांगितलेलें छापावयाचें व दुसरी बाजू सवडीनें पाहूं म्हणावयाचें, हा तिचा परिपाठ. अटक होतांच तिचे व्यवसायबंधु तिच्याच पद्धतीनें तिच्याविषयीं लिहूं लागतात. आपलें हत्यार उलटल्याचें हें दुःख करिश्मा तन्ना यांनीं डोळ्यांत पाणी न आणतां दाखविलें आहे, हें आम्हांस विशेष आवडलें. तुरुंगांत पाऊल टाकतांना होणाऱ्या अंगझडतीचा प्रसंग पाहवत नाहीं. तो पाहवूं नये अशाच हेतूनें रचलेला आहे. लोकांस प्रश्न विचारणें हाच जिचा धंदा, तिला तेथें एकही प्रश्न विचारतां येत नाहीं.

मुलांसमवेत पाहण्याजोगी ही मालिका नाहीं, अशी तक्रार कांहीं गृहिणी करतील. ती खरी आहे. मुलें निजल्यावर पाहावी.

उत्तरार्धांत मालिका भायखळ्याच्या तुरुंगांत शिरते. मुलुंडहून कोटांत कामाला जाणारा मनुष्य भायखळ्याचें स्थानक वर्षांतून पांचशें वेळां तरी ओलांडतो; त्या वस्तींत स्त्रियांचा एक तुरुंग आहे हें त्याच्या ध्यानांमनांत नसतें. तें ध्यानांत आणून देण्याचें काम मालिकेनें केलें आहे. येथें आम्हांस अमेरिकेंतील एका प्रसिद्ध मालिकेची तुलना करावीशी वाटते. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ ही पायपर कर्मन यांच्या आठवणींवरून बेतलेली मालिका २०१३ पासून सात पर्वें चालली व तिचें तेरा भागांचें अखेरचें पर्व २६ जुलै २०१९ रोजीं आलें. तिची नायिका शिक्षा भोगावयास आलेली. किती महिने, हें तिला ठाऊक. भिंतीवर रेघा ओढावयाच्या झाल्या तर तिला ओढतां येतात. भायखळ्याच्या बाईस ही सोय नाहीं, कारण तिला शिक्षा झालेलीच नाहीं. ती निकालाची वाट पाहते. हा कांहीं अपवाद नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ अखेर देशांतील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसें होतीं. त्यांपैकीं ४ लाख ३४ हजारांवर, म्हणजे शेंकडा ७५ हून अधिक, खटला न संपलेलीं होतीं. आपल्याकडच्या तुरुंगकथेचा काळ शिक्षेनें मोजला जात नाहीं, तारखेनें मोजला जातो. पुढची तारीख, मग त्यापुढची तारीख. अशा कथेस शेवट कोठून आणावयाचा?

अमेरिकन मालिकेच्या अखेरच्या पर्वानें शेवट एक न करतां अनेक केले. पायपर सुटते, परंतु बाहेर आल्यावर स्वतःवरील देखरेखीची फी स्वतःच भरतां भरतां मेटाकुटीस येते. टेस्टी हिच्यावर पहारेकऱ्याच्या खुनाचा खोटा आळ. तिला जन्मठेप झालेली असते व ती शेवटपर्यंत आंतच राहते. जीव द्यावयास निघालेली ही बाई अखेर सुटणाऱ्या स्त्रियांकरितां लहान कर्जांचा एक निधि उभा करते, व त्यास नांव देते पहारेकऱ्याच्या गुडघ्याखालीं गुदमरून मेलेल्या आपल्या मैत्रिणीचें. पेन्सटकी परीक्षा उत्तीर्ण होते, पण निकाल कळण्यापूर्वींच मरते. देशाबाहेर घालविण्यांत येणारी मारित्सा विमानांत बसलेली असते आणि आसनांवरील माणसें एकामागून एक पुसट होत नाहींशीं होतात. हें दृश्य एकदां पाहिलें कीं विसरतां येत नाहीं. मालिका मधल्या पर्वांत पुष्कळ भरकटली होती, विनोदाच्या नांवाखालीं तिनें खपविलेला पोरकटपणाही थोडा नव्हता. परंतु नायिकेबरोबर प्रेक्षकाची सुटका करून द्यावयाची नाहीं, हा निश्चय तिनें अखेरीस पाळला.

‘स्कूप’ मध्यें हा निश्चय दिसत नाहीं. जागृति आंत असतांना जेवणासाठीं, अंथरुणाच्या जागेसाठीं, एका मुलाखतीसाठीं झुंजणाऱ्या ज्या बायका तिच्याभोंवतीं दिसतात, त्या तिच्या दुःखाची पार्श्वभूमि म्हणून येतात व ती बाहेर पडतांच आमच्याही दृष्टीआड होतात. मालिका पत्रकारितेची आहे, तुरुंगाची नव्हे, असें तिचे चाहते म्हणतील. परंतु तिचे सर्वांत जिवंत प्रसंग तुरुंगांतले आहेत; ज्यांच्या बळावर कथा उभी राहिली त्यांचें देणें लागतेंच. हा तुरुंग आहे तरी कोणता? २३ जून २०१७ रोजीं याच भायखळ्यांत मंजुळा शेट्ये ही वॉर्डनचें काम सोंपविलेली कैदीण बेदम मारहाणीनें मेली. शिधा मोजतांना दोन अंडीं व पांच पाव कमी भरले, एवढ्यावरून हा प्रकार झाला असा आरोप आहे. तुरुंगाच्या सहा स्त्री-कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला भरण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं कैदिणी छपरावर चढल्या, तर दंग्याचा गुन्हा त्यांच्यावरच नोंदविण्यांत आला. अमेरिकन मालिकेनें पहारेकऱ्याच्या हातून झालेल्या एका मृत्यूवर पुढचीं तीन पर्वें उभारलीं. आमच्याकडे तो मृत्यु प्रत्यक्ष घडला, आणि त्यावर उभी राहिलेली एकही मालिका आमच्या पाहण्यांत नाहीं.

जुन्या पिढीस येथें शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आठवेल. औंध संस्थानांतील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेल्या या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची. तेथें शेवटीं मरतो तो जेलर. सहाही कैदी त्याच्या डोळ्यांच्या धाकांत, किंवा मायेंत म्हणा, राहतात. तो शेवट आज आम्हांस भाबडा वाटतो. पण त्यांत सहांपैकीं एकासही वाऱ्यावर सोडलेलें नाहीं.

‘स्कूप’ च्या कर्त्यांकडून आमची अपेक्षा मोठी आहे, म्हणूनच हें लिहिलें. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हें त्यांना ठाऊक नाहीं असें नाहीं. प्रत्यक्षांत जामीन आणि निकाल यांमध्यें सुमारें सहा वर्षें गेलीं व व्होरा यांनीं वार्ताहराचा पेशा पुन्हां धरला नाहीं. मालिकेनें या वर्षांस जवळजवळ जागाच दिली नाहीं. आम्हांस पाहावयाची होती ती कोटांतल्या न्यायालयाच्या बांकावर तारखेची वाट पाहत बसलेली जागृति. दरवाजावरची घंटा वाजली कीं दचकणारे आजोबा. आणि नव्या वर्षीं शाळेचा अर्ज भरतांना ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यापाशीं थांबलेला तो मुलगा.