‘सहापट’ हा आकडा वाचायचा कसा?

जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर सिटीज’मध्ये जेसन हॉज आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ७३ शहरी बागा व शेतांचा हा अभ्यास. निष्कर्ष असा, की शहरात पिकवलेल्या अन्नाच्या एका सर्व्हिंगमागे सरासरी ४२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड-समतुल्य उत्सर्जन होतं, नेहमीच्या शेतीत ७० ग्रॅम. म्हणजे सहापट! बातम्यांच्या मथळ्यांत हेच झळकलं.

तुम्ही मात्र इथे थांबू नका. आधी विचारा, हे ४२० ग्रॅम येतात कुठून? सर्वांत मोठा वाटा बांधकामाचा आहे: उंच वाफ्यांच्या चौकटी, शेड, पायवाटा. हे साहित्य एकदाच लागतं आणि त्याचा भार पुढच्या सगळ्या पिकांवर विभागला जातो. तोच वाफा २० वर्षांऐवजी ५ वर्षंच वापरला, तर प्रत्येक सर्व्हिंगवर त्याचा भार साधारण चौपट पडतो. आता बघा, बाग किती वर्षं टिकणार हे बागकाम करणारा ठरवतो का? बऱ्याचदा ते जागेचा मालक किंवा भाडेकरार ठरवतो. म्हणून माझ्या मते या आकड्यात भाजीइतकाच जमिनीच्या हक्काचाही प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न: तुलना कशाशी केलीय? टोमॅटोत शहरी बागा सरस ठरल्या, कारण थंड देशांत बाजारातला टोमॅटो बऱ्याचदा तापवलेल्या काचघरातून येतो. विमानाने येणाऱ्या ॲस्परॅगससारख्या पिकांत तर दोन्हींतला फरकच उरला नाही. वैयक्तिक बागांपैकी २५ टक्के तर नेहमीच्या शेतीपेक्षा सरस निघाल्या. सरासरीत हे दिसत नाही.

लेखकांनी हे काही लपवलेलं नाही, बरं का. बागा दीर्घकाळ टिकवा आणि शहरातला टाकाऊ माल वापरा, असं ते स्वतःच सुचवतात. माझा आक्षेप एककावर आहे. बागेत लोक भेटतात, म्हातारी माणसं हातपाय हलवतात, मुलं खेळतात. या सामाजिक फायद्यांची दखल पेपरमध्ये आहे, पण गाजलेला आकडा पायवाटेचाही भार भाजीवरच टाकतो.

तुमच्या प्रपोजलमध्ये तीन गोष्टी पहिल्याच पानावर लिहा: मोजमापाचं एकक, साहित्याचं गृहीत आयुष्य आणि तुलनेचं पीक. कारण उद्या एखादी नगरपालिका ‘सहापट’ दाखवून बाग बंद करू शकते. आणि बाग लवकर मोडली, की तिचा प्रति सर्व्हिंग आकडा आणखीच वाढतो.