निधीचा निवास : परतटीय कंपनीच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवाशाचे प्राचीन नाव परंपरेने ‘निधिवास’ असे सांगितले जाते. संस्कृत ‘निधि’चे प्राकृतात ‘निहि’ होते व पुढे हकाराचा लोप होतो, हे लक्षात घेता ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या असंभाव्य म्हणता येणार नाही. तिची ऐतिहासिकता क्षणभर बाजूला ठेवली, तरी या समासाने उपस्थित केलेला प्रश्न आधुनिक करशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. निधीचा वास नेमका कोठे असतो? तो ज्या भूमीत निर्माण झाला तेथे, की ज्या गावच्या दप्तरात धन्याचे नाव नोंदले आहे तेथे, की त्याविषयीचे निर्णय जेथे घेतले जातात तेथे? या तीन स्थानांची फारकत करण्याची सोय म्हणजेच परतटीय वित्तकेंद्र होय. मराठी नियतकालिकांतून या विषयावर जे लेखन होते, त्यात ही फारकत दाखवणारी परिभाषा जवळजवळ आढळत नाही. प्रस्तुत लेखात त्या परिभाषेची चिकित्सा योजिली आहे.

ही चिकित्सा नेवाशापासून आरंभ करण्यास आणखी एक कारण आहे. शास्त्रार्थ देशभाषेत सांगता येतो किंवा नाही, या वादाचा निर्णय शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, याच गावी ज्ञानेश्वरीच्या रूपाने लागला. तेव्हा कंपनीकायदा व करविधान यांचा अर्थ मराठीत सांगता येत नाही, ही सबब भाषेच्या दुर्बलतेवर टाकणे उचित नाही. दोष असलाच तर तो शब्दांच्या निवडीत आहे.

१

प्रथम ‘कंपनी’ हाच शब्द घेऊ. मराठीत तो दोन वाटांनी रुळला. एक ‘कंपनी सरकार’ची, दुसरी ‘नाटक कंपनी’ची. दोन्ही ठिकाणी शब्दाने सूचित होतो तो माणसांचा समुदाय. म्हणूनच त्याला ‘मंडळी’ हा पर्याय सहज मिळाला आणि किर्लोस्करांची संस्था ‘नाटक मंडळी’ म्हणून ओळखली गेली. कायद्याला अभिप्रेत असलेली कंपनी मात्र मंडळी नव्हे. सॉलोमन प्रकरणी १८९६ च्या सुप्रसिद्ध निर्णयाने हे निश्चित केले की, यथाविधी नोंदलेली कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न अशी स्वतंत्र विधिव्यक्ती आहे. मग तिचे बहुतेक सर्व भाग एकाच माणसाच्या हाती का असेनात. ‘मंडळी’तून माणसे वजा केली तर काही उरत नाही. कंपनीतून ती वजा केली तरी कंपनी उरते. मराठी वाचकाच्या मनात हा भेद ठसलेला नसल्यामुळे कंपनीच्या मागे तो सतत माणूस शोधतो व तो सापडला नाही की फसवणूक झाली असे मानतो. परतटीय व्यवहाराचे मर्म असे की, पुष्कळदा तेथे विधिदृष्ट्या फसवणूक झालेलीच नसते.

२

विधिव्यक्ती एकदा मान्य केली की तिचे घर कोणते हा प्रश्न ओघानेच येतो. देहधारी मनुष्याचा निवास त्याच्या देहावरून ठरतो. देहहीन व्यक्तीचा कशावरून ठरवावा? डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीची नोंदणी दक्षिण आफ्रिकेत झालेली होती व खाणीही तेथेच होत्या. परंतु कारभाराची खरी सूत्रे लंडनमधील संचालकांच्या हाती असल्यामुळे तिचा निवास इंग्लंडमध्ये आहे, असा निर्णय तेथील उमरावांच्या सभेने १९०६ मध्ये दिला. याच तत्त्वाची दुसरी बाजू १९२९ च्या इजिप्शियन डेल्टा प्रकरणात दिसली. लंडनमध्ये नोंदलेली, पण कैरोहून चालणारी कंपनी इंग्लंडची निवासी नाही, असे तेथे ठरले. नोंदणी एका ठिकाणी व निवास दुसऱ्या ठिकाणी, ही फट तेव्हापासून सर्वांस ज्ञात झाली. आणि परतटीय केंद्रांची वाढ याच फटीत झाली.

भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यात मूळ तरतूद अशी होती की, परदेशी कंपनीचे नियंत्रण व व्यवस्थापन त्या वर्षी ‘सर्वस्वी’ भारतात असेल तरच ती निवासी ठरे. ‘सर्वस्वी’ या एका क्रियाविशेषणामुळे संचालकांची एखादी सभा परदेशी भरवणेही निवास टाळण्यास पुरेसे होई. २०१५ मध्ये संसदेने ही कसोटी बदलली आणि २०१७-१८ या करनिर्धारण वर्षापासून ‘प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान’ ही नवी कसोटी लागू झाली. भाषाभ्यासकाने लक्षात घ्यावे की, येथे कायद्याची दुरुस्ती ही वस्तुतः एका विशेषणाच्या जागी दुसरे विशेषण घालण्याची क्रिया होती.

३

मराठी भाषकांना निकटचे असे उदाहरण मॉरिशसचे आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये भारत व मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. त्याच्या तेराव्या अनुच्छेदानुसार भागविक्रीतून होणाऱ्या भांडवली लाभावर कर घेण्याचा अधिकार विक्रेता जेथील निवासी असेल त्या देशाकडे राहिला. मॉरिशसमध्ये अशा लाभावर कर नव्हता. परिणाम असा झाला की, दुहेरी कर टाळण्यासाठी झालेल्या कराराने एकेरी करही टळू लागला. १३ एप्रिल २००० च्या परिपत्रकाने मॉरिशसच्या अधिकाऱ्यांनी दिलेला निवासाचा दाखला पुरेसा मानावा असे सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते रद्द केले, तर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पुन्हा वैध ठरवले. अखेर १० मे २०१६ च्या सुधारणेने, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भागांवरील लाभावर कर घेण्याचा अधिकार भारताकडे आला.

मॉरिशसच्या कंपनीनियमांकडे पाहिले तर तेथील विधिकर्त्यांना ‘निवास’ या शब्दाची किंमत पुरेपूर ठाऊक असल्याचे दिसते. जागतिक व्यवसायाचा परवाना हवा असल्यास किमान दोन स्थानिक निवासी संचालक, मॉरिशसमधील मुख्य बँकखाते, नोंदणीकृत कार्यालयातील हिशेबदप्तर आणि तेथेच होणारे लेखापरीक्षण, यांची पूर्तता विचारात घेतली जाते. तेथील कंपनीकराचा सर्वसाधारण दर शेकडा १५ आहे. तथापि पूर्वी परदेशी कराची शेकडा ८० वजावट गृहीत धरली जात असल्यामुळे प्रत्यक्ष भार शेकडा ३ पर्यंत उतरे. २०१८ च्या सुधारणेने ही गृहीत वजावट काढून विशिष्ट उत्पन्नांना अंशतः सूट देण्यात आली. त्याच सुधारणेने ‘अधिकृत कंपनी’ असा दुसरा प्रकार निर्माण केला. ही कंपनी मॉरिशसमध्येच नोंदलेली असते, परंतु तिचे प्रभावी व्यवस्थापन बाहेर असल्यामुळे करापुरती ती तेथील निवासी मानली जात नाही. एकाच नोंदवहीत एक निवासी व एक अनिवासी! नोंदणी आणि निवास यांसाठी ज्या भाषेत वेगळे शब्द कटाक्षाने वापरले जात नाहीत, तिला हे वाक्य विरोधाभास वाटेल.

या बेटाशी मराठीचा संबंध निराळ्याच करारामुळे आला, हेही विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर तेथे गेले. १८६७ च्या कायद्याने कराराची मुदत संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. श्रम करणाऱ्या देहाला आपला निवास पावलोपावली सिद्ध करावा लागला, त्याच भूमीवर पुढे देहहीन व्यक्तीस निवास दाखल्याने मिळू लागला.

४

आता प्रचलित मराठी पर्यायांकडे वळू. २०१६ चे पनामा पेपर्स, २०१७ चे पॅराडाइज पेपर्स व २०२१ चे पँडोरा पेपर्स यांच्या निमित्ताने हे शब्द विशेष वापरात आले.

‘टॅक्स हेवन’साठी ‘करनंदनवन’ किंवा ‘करस्वर्ग’ असे शब्द योजले जातात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ बंदर किंवा आसरा. स्वर्गवाचक शब्द त्याहून निराळा आहे. फ्रेंच भाषेतही स्वर्गवाचक शब्दच रूढ आहे, जर्मनांनी मात्र मरूद्यानाची प्रतिमा घेतली. स्वर्ग पुण्याने मिळतो. बंदरात वादळ चुकवण्यासाठी शिरतात. पहिल्या प्रतिमेत कोणापासून पळ काढला हा प्रश्नच उद्भवत नाही, दुसरीत तो अटळ आहे. म्हणून ‘करआसरा’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल.

‘शेल कंपनी’ला सर्रास ‘बनावट कंपनी’ म्हटले जाते. ही केवळ शिथिलता नसून अर्थाची उलटापालट आहे. बनावट दस्तऐवज खरा नसतो. अशी कंपनी मात्र कायद्याने पूर्णतः खरी असते, फक्त आतून रिती असते. तिला ‘पोकळ कंपनी’ म्हणावे. बनावटीचा आरोप न्यायालयात टिकत नाही, पोकळपणाचा टिकू शकतो.

‘ऑफशोअर’साठी ‘परतटीय’ हा शब्द येथे स्वीकारला आहे, पण त्यातील तट भूगोलाचा नव्हे. लक्झेंबर्गला समुद्र नाही. गुजरातेतील गिफ्ट सिटी साबरमतीच्या काठी आहे, तरी परकीय चलनाच्या कायद्यापुरत्या तेथील वित्तकेंद्रातील संस्था भारताबाहेरील निवासी मानल्या जातात. ‘पैलतीर’ हा गोड शब्द सुचण्याजोगा आहे. परंतु त्याला मराठीत मोक्षाचा सुगंध आहे, आणि नंदनवनाचा दोष पुन्हा मागच्या दाराने शिरेल.

सर्वांत घोटाळा ‘चुकवणे’ या धातूने केला आहे. ‘कर चुकता केला’ म्हणजे पुरता भरला. ‘कर चुकवला’ म्हणजे भरला नाही. एकाच धातूपासून परस्परविरुद्ध अर्थ निघतात व त्यातून ‘करचुकवेगिरी’ हा शब्द बेकायदा लपवाछपवी आणि कायद्याच्या चौकटीतील रचना या दोहोंना लागतो. बोलीत यावर उपाय तयार आहे. कर ‘बुडवणे’ व कर ‘टाळणे’ हे भिन्न आहेत, हे कोणत्याही बाजारात समजते. यावर आक्षेप असा येईल की, ही सीमारेषाच अस्थिर आहे. १९८५ च्या मॅकडॉवेल निर्णयात न्यायालयाने टाळण्याकडेही कठोरपणे पाहिले, २००३ व २०१२ च्या निर्णयांत ती दृष्टी सौम्य झाली आणि २०१७ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण करटाळणी-प्रतिबंधक नियमांनी रेषा पुन्हा सरकवली. आक्षेप खरा आहे. पण सरकणारी रेषा दाखवण्यासाठीच दोन्ही बाजूंना निराळी नावे हवीत.

५

परिभाषेचा हा खटाटोप तज्ज्ञांपुरता आहे, सामान्य माणसाचे त्यावाचून अडत नाही, असे मानणाऱ्यांनी नेवासे तालुक्याकडेच पाहावे. सोनईचा मुळा व भेंड्याचा ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने याच तालुक्यातले. सहकारी संस्थेचे कार्यक्षेत्र गावांच्या नावांनिशी ठरलेले असते व सभासदाला मत एकच असते. तिचा निवास लपवण्यास जागाच नाही. अशा कारखान्यांनी उसाला किमान दराहून जी अधिक रक्कम दिली, ती ‘भाव’ की ‘नफ्याची वाटणी’, यावर आयकर खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला. भाव म्हटले तर तो खर्च, नफा म्हटले तर त्यावर कर. अखेर २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसाठीही ती रक्कम खर्च म्हणून मान्य करण्याची तरतूद झाली व सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. एका शब्दाचे मोल एवढे असू शकते.

फरक इतकाच की, ऊस उत्पादकाच्या शब्दाचा निर्णय होईपर्यंत त्याचा निधी जागच्या जागी होता. परतटीय कंपनी मात्र शब्दाचा अर्थ ठरण्यापूर्वीच निवास बदलू शकते. याच गावच्या १९५४ ते १९५६ च्या उत्खननात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांना रोमन धाटणीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. समुद्रापलीकडची संपत्ती तेव्हाही येथवर पोचत होती, पण ती वस्तुरूपाने यावी लागे आणि वाटेत तिचे खापर तरी मागे उरे. दाखल्यावर वसणारा निधी खापरही मागे ठेवत नाही. त्याचा माग लागेल तो शब्दांतूनच. त्यासाठी ‘नोंदणीस्थान’, ‘निवास’ व ‘नियंत्रणस्थान’ हे तीन शब्द मराठीत काटेकोरपणे वेगळे वापरणे ही पहिली आवश्यकता होय.