‘बरे’ कोणी म्हणावे?

तुकोबारायांचा एक अभंग मी चाळीस वर्षे कीर्तनसेवेला घेत आलो. दिवाळे निघाले, दुष्काळाने गांजले, गुरेढोरे गेली, चारचौघांत अपमान झाला, आणि हे सारे बरेच झाले, असे महाराज त्यात देवाला सांगतात. माझे निरूपण ठरलेले असे. संकट आले की हसतमुखाने ‘बरे’ म्हणावे, म्हणजे दुःख शिवत नाही. श्रोते माना डोलवीत, टाळकरी चाल उचलून धरीत. आता गळा साथ देत नाही, म्हणून कीर्तनाला उभा राहत नाही. पण तो अर्थ गळ्याआधीच सुटला होता.

एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक बाई पाया पडायला आल्या. त्यांचा तरुण मुलगा त्याच वर्षी गेला होता. मी निरूपणातलेच दोन शब्द त्यांना ऐकवले. त्या म्हणाल्या, “महाराज, तुकोबांनी स्वतःच्या घरचं सांगितलंय. माझ्या घरचं तुम्ही कसं सांगता?” गळ्यातला हार काढायचाही राहिला होता. मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन गाथा उघडली. तुम्हीही उघडून पाहा. सबंध अभंग देवाशी बोललेला आहे, आणि स्वतःपुरता. ऐकणाऱ्याला उपदेश असा एकही चरण त्यात नाही. लोकांना सुनवायचे तेव्हा महाराज इतरत्र सडेतोड सुनावतात; इथे मात्र दुसऱ्याच्या दुःखाला ‘बरे’ म्हणण्याचा अधिकार त्यांनी घेतलेला नाही. तो मी घेत होतो. शिवाय बायकोमुलांची उपेक्षा केली, हेही त्यांनी त्याच ओघात कबूल केले आहे. तो चरण मी नेहमी घाईने ओलांडत असे. आजही तो मला टोचतो, आणि त्याला गुळगुळीत अर्थ लावायची माझी इच्छा नाही.

आता याच्या शेजारी त्यांचा आत्मचरित्रपर अभंग ठेवा, जातीपासून आणि व्यवसायापासून सुरू होणारा. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ त्यात आहे. द्रव्य गेले, मान गेला, एक पत्नी अन्न मागत मेली. तिथे ते लाज सांगतात, त्रास सांगतात. पुढे पडके देऊळ मनात घेतले, एकादशीला कीर्तन आरंभिले, संतांची वचने पाठ केली. आणि किती प्रांजळपणा! अभ्यासात आधी चित्त नव्हते, असे स्वतःच सांगून टाकतात. आमच्या निरूपणांत बहुधा आधी वैराग्य येते, मग साधन. महाराजांकडे साधन आधी आले, चित्त मागून.

पुन्हा पहिल्या अभंगाकडे या. एवढ्या हानीनंतर शेवटच्या चरणात काय उरते? एकादशीचा उपास आणि जागरण. ज्या घरात अन्नावाचून माणूस गेले, त्या घरातला हा पुरुष आपल्या इच्छेने उपास धरतो, आणि जागतो! दर पंधरा दिवसांनी येणारी साधी गोष्ट. त्यांच्या ‘बरे’ला बळ तिथून आले असावे, असे मला वाटते. तापातून उठलेला माणूस ‘बरा झालो’ म्हणतो. ताप आला हे छान झाले, असे तो म्हणत नाही. हे ‘बरे’ मी आता तसे वाचतो. तो उठून बसलेल्या माणसाचा शब्द आहे, आणि त्यात पुन्हा अन्नाला चव आल्याचा आनंदही आहे. अंथरुणावर पडलेल्याकडून तो वदवून घ्यायचा नसतो. हल्ली संकटात हसायला लावणारी कीर्तने फार झाली आहेत. मीही त्याच वाटेचा, म्हणून जास्त बोलत नाही.

दोन वर्षांनी त्याच गावी पुन्हा सेवा होती. एकादशीच्या जागरात त्या बाई फुगडीच्या घोळक्यात दिसल्या, घामाघूम झालेल्या. मला पाहून म्हणाल्या, “चित्त लागत नाही अजून, महाराज. पण येते मी.”

त्या रात्री सेवेला मी दुसराच अभंग घेतला.