रूपेरी पडद्यावरचा वसुलीदार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या बाजारपेठेत प्रत्येक दुकानात वह्यांची पूजा होते. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, तिच्यावर सुपारी ठेवली जाते आणि साळीच्या लाह्या-बत्ताशांचा प्रसाद मिळतो. दरवर्षी ती पूजा पाहताना माझ्या मनात एक खट्याळ विचार येतो. या वहीची एवढ्या भक्तिभावाने पूजा करणारा मालक एक, आणि तितक्याच एकाग्रतेने ती वाचणारा दुसरा मनुष्य जगात एकच : करवसुलीचा अधिकारी! पहिल्याच्या भक्तीवर आपण निबंध लिहितो. दुसऱ्याच्या वाचनावर मात्र चित्रपट निघतात.

मी दहावीच्या पुढे शिकलो नाही. दिवसा शाळेत लहान मुलांना मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा अर्थशास्त्राचा आव मला आणता येणार नाही. पण कथानक कसे उभे राहते हे पोटापुरते मला कळते, आणि त्या नात्याने सांगतो की, कर ही कथाकाराला फुकट मिळालेली देणगी आहे. किती द्यायचे तो आकडा ठरलेला, कधी द्यायचे ती तारीख ठरलेली आणि न दिल्यास दारात कोण उभा राहणार हेही ठरलेले. कादंबरीकाराला अशी घट्ट गाठ बांधायला शंभर पाने लागतात. पटकथाकाराला एक शिपाई आणि एक दवंडी पुरते.

आता मी या विषयाकडे का वळलो, ते सांगतो. माझे वडील तलाठी होते. मी आठवी-नववीत असताना एका रात्री शेजारच्यांच्या घरी दूरदर्शनवर केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ पाहायला आम्ही सगळे जमलो होतो. घोड्यावरून सारावसुलीचा सुभेदार गावात शिरला, तशी शेजारच्या काकांनी कोपरखळी मारली, “भाऊ, तुमचे साहेब आले बघा!” सगळे खो खो हसले. वडीलही हसले. पण चित्रपट संपल्यावर घरी येताना ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि हा लेख त्याचाच एक भाग आहे.

‘मिर्च मसाला’ १९८७ सालचा. चुनीलाल मडिया यांच्या गुजराती कथेवरून तो घेतलेला आहे. नसीरुद्दीन शहांचा सुभेदार गावाबाहेर तंबू ठोकतो, ग्रामोफोन वाजवतो, मिशा कुरवाळतो. त्याची नजर सोनबाईवर पडते. ती त्याच्या थोबाडीत देऊन मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते आणि म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. स्मिता पाटील यांची ही सोनबाई प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, डिसेंबर १९८६ मध्ये, त्या गेल्या होत्या. त्यामुळे शेवटी हातात विळा घेऊन उभी राहिलेली ती बाई पाहताना आजही गळा दाटून येतो.

वरवर पाहता या चित्रपटात सारा हे केवळ निमित्त आहे. सुभेदाराला हवी असते बाई. पण नीट पाहिले तर कथेचे सारे मर्म त्या साऱ्यातच आहे. जे गाव पिढ्यान्‌पिढ्या ‘का?’ असे न विचारता देत आले, त्याच्यापुढे जेव्हा माणसाची मागणी येते, तेव्हाही ते गाव तिचा विचार नव्या पट्टीसारखाच करते. देऊन टाकावी म्हणजे बला टळेल, असे मुखी आणि पंचमंडळी ठरवतात. ‘देऊ नका’ म्हणणारा एकटा शाळामास्तर मार खातो. (आम्हा मास्तरांच्या वाट्याला पडद्यावर बहुधा हेच येते!) मागणारा दुष्ट आहे हे दाखवणे सोपे असते. देणाऱ्यांची सवय दाखवणे अवघड, आणि ते या चित्रपटाने केले म्हणून मी त्याला मोठा मानतो.

आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ २००१ साली आला आणि त्याने ऑस्करच्या नामांकनापर्यंत मजल मारली. त्याची गोष्ट ज्याला ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. साल १८९३, गाव चंपानेर, आभाळ कोरडे. कॅप्टन रसेलने दुप्पट लगान लादलेला. त्यातून पैज लागते. क्रिकेटात गाव जिंकले तर तीन वर्षे लगान माफ, हरले तर तिप्पट. आमच्या शाळेतली मुले हा चित्रपट आजही श्वास रोखून पाहतात, आणि शेवटच्या षटकाराला मीही खुर्चीवरून उठतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

पण टाळ्या थांबल्यावर तलाठ्याचा मुलगा माझ्यात जागा होतो. कोरड्या वर्षी सारा माफ होण्यासाठी क्रिकेट खेळावे लागते काय? ज्या गुजरातेत चंपानेर नावाचे ऐतिहासिक स्थळ आहे, त्याच गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९१८ साली हाच प्रश्न उभा राहिला होता. नियम असा होता की, पीक चार आण्यांच्या खाली आले तर त्या वर्षीची वसुली तहकूब व्हावी. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी आहे. अधिकारी म्हणत, जास्त आहे. गांधीजी आणि वल्लभभाई त्या लढ्यात उतरले ते या आण्यांच्या हिशेबासाठी. पुढे १९२८ साली बारडोलीत वाढवलेल्या साऱ्यावरून सत्याग्रह झाला. सरकारने सुमारे २२ टक्के वाढ लावली होती, ती चौकशीअंती सुमारे ६ टक्क्यांवर आली. म्हणजे खरा सामना मैदानावर नव्हता, तो मोजमापाचा होता. त्यातली चेंडूफळी म्हणजे कागद आणि लेखणी.

‘लगान’ने हा मोजमापाचा सामना खेळाचा केला. हे त्याचे पाप आहे असे मी म्हणत नाही. आण्यांचा हिशेब पाहायला तीन-पावणेचार तास कोण बसेल? शिवाय खेळात एक गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे दोघांनाही सारखे बांधणारा नियम. साऱ्याच्या बाबतीत गावाला जे कधी मिळाले नाही, ते त्याला मैदानावर मिळते. तिथे कॅप्टनचा चेंडूही रेषेबाहेर गेला तर पंच हात वर करतो. म्हणूनच तो विजय आपल्याला गोड लागतो. माझी तक्रार एवढीच की, विजयानंतर लगेच पाऊस पाडून दिग्दर्शकाने प्रश्नच मिटवून टाकला. पाऊस पडला की साऱ्याचा अन्याय कोणाला आठवतो?

स्वातंत्र्यानंतर पडद्यावर एक मौज झाली. घोड्यावरचा वसुलीदार खाली उतरला, सरकारी मोटारीत बसला आणि नायक झाला! राजकुमार गुप्तांच्या ‘रेड’मध्ये (२०१८) अजय देवगण १९८१ च्या लखनौमधला आयकर अधिकारी झाला आहे, आणि सौरभ शुक्लांचा ‘ताऊजी’ हा धनदांडगा पुढारी त्याच्यापुढे आहे. भिंती फुटतात, छत उकलते आणि सोने बाहेर पडते. २०२५ साली याचा दुसरा भागही आला. गावातल्या थिएटरात पहिला भाग पाहिला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या पुढच्या रांगेत आमच्या पेठेतले एक दुकानदार होते. बिल मागितले की ‘मास्तर, कशाला आपल्यात?’ असे म्हणणारे. सर्वांत जोरात टाळी त्यांची! मला हसू आले, पण नंतर वाटले, यात त्या चित्रपटाचीही चूक आहे. त्याने करचुकवेपणाला एवढे मोठे, एवढे सोनेरी रूप दिले की, छोट्या माणसाला त्यात आपला चेहरा दिसूच नये.

तो चेहरा मला नीरज पांडे यांच्या ‘स्पेशल २६’मध्ये (२०१३) दिसला. मुंबईत १९८७ साली ऑपेरा हाउसजवळच्या एका जवाहिऱ्याच्या पेढीवर बनावट अधिकाऱ्यांची धाड पडली होती. त्या घटनेवरून हा चित्रपट सुचला. यातले चोर पिस्तूल घेऊन फिरत नाहीत, ओळखपत्र घेऊन फिरतात. मंत्र्याच्या घरी शिरून दडवलेला पैसा ते उचलून नेतात, आणि मंत्री तक्रारसुद्धा करत नाही. कशी करणार? गेलेला पैसा आपला होता असे म्हटले की, तो आला कुठून हे सांगावे लागते! चोरांचे खरे भांडवल म्हणजे घरमालकाच्या मनातली भीती. करावरचे इतके मार्मिक भाष्य गंभीर चेहऱ्याच्या चित्रपटांतही मला सापडले नाही.

परदेशातही हा विषय पडद्याला आवडतो. शिकागोचा गुंड अल कपोन खुनांसाठी नव्हे, तर आयकर बुडवल्याबद्दल १९३१ साली दोषी ठरला आणि त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. ब्रायन डी पाल्मा यांच्या ‘द अनटचेबल्स’मध्ये (१९८७) ही कथा आहे. पण तिथे बंदुका इतक्या धडाडतात की बिचारी खातेवही झाकूनच जाते. प्रत्यक्षात कपोनला अडकवले ते जुन्या खातेवह्या चिकाटीने वाचणाऱ्या फ्रँक विल्सनसारख्या महसुली अधिकाऱ्यांनी. पडद्याला गोळीबार दिसतो, वाचन दिसत नाही.

ते वाचन दाखवण्याची हिंमत केली जपानच्या जूझो इतामी यांनी. त्यांच्या १९८७ च्या चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘अ टॅक्सिंग वूमन’. नोबुको मियामोतो यांनी रंगवलेली करनिरीक्षक इताकुरा ही केस विस्कटलेली, चेहऱ्यावर वांग असलेली, लहान मुलाला एकटीने वाढवणारी बाई. सुरुवातीला ती एका म्हाताऱ्या जोडप्याच्या किराणा दुकानात हिशेब तपासते. दुकानातलाच माल ते घरी जेवायला वापरतात, तो विक्रीत धरलेला नाही, असे ती त्यांना बजावते. प्रेक्षक तिच्यावर चिडतो. मग तिची गाठ पडते गोंदो या बड्या करबुडव्याशी, आणि तोच प्रेक्षक तिच्या बाजूचा होतो. कायदा तोच, बाई तीच, बदलतो तो आपला कल! पैसा साठतो कसा, हे गोंदो एका अधिकाऱ्याला सांगतो. पेल्यात थेंब थेंब पाणी पडत असले, तरी तहान लागली म्हणून पेला उचलायचा नाही. तो भरू द्यायचा, आणि ओसंडेल तेवढेच चाटायचे. करचुकव्यालाही माणूस म्हणून पाहणारा आणि तरीही त्याला न सोडणारा हा चित्रपट माझ्या मते या सर्वांत श्रेष्ठ आहे.

इतके पाहून झाल्यावर मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली : वसूल झालेला पैसा पुढे कुठे गेला, हे चित्रपट विचारतो का? जवळजवळ कोणीच विचारत नाही. सुभेदार घेऊन गेला किंवा अधिकाऱ्याने जप्त केला, की कथा दारातच संपते. आपल्या कीर्तनकारांनी मात्र हा प्रश्न केव्हाच विचारला होता. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांसाठी उघडले आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंग त्याची भरपाई करून आला, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. तेलुगू मुलुखात भद्राचलमच्या रामदासांची अशीच कथा आहे. तिच्यावर २००६ साली ‘श्री रामदासु’ हा चित्रपटही निघाला. सरकारी वसुलीतून त्यांनी रामाचे देऊळ बांधले, कैद भोगली आणि रामलक्ष्मणांनी ते पैसे फेडले. दोन्ही कथांत हिशेब शेवटी पुरा होतोच, हे विशेष. देवालाही पावती घेतल्याशिवाय जाता आले नाही!

माझ्या वडिलांच्या नोकरीत देव आला नाही. दुष्काळी वर्षी पीककापणीच्या वेळी ते उन्हात उभे राहून कणसांचे वजन घेत. पैसेवारी पन्नासच्या आत आली की गावाला साऱ्यात सूट आणि इतर सवलती मिळत. वरून विचारणा होई, आकडा इतका कमी कसा? ते पुन्हा शेतावर जात. एकदा मी त्यांना त्या रात्रीच्या चित्रपटाबद्दल विचारले. ते म्हणाले, “अरे, सारा वसूल करणं सोपं असतं. पीक बुडालंय हे कागदावर मान्य करून घेणं अवघड. ते सिनेमात कुठं दाखवतात?”

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळाने खडी फोडायला लावलेल्या माणसांना हक्काचे काम मिळावे, म्हणून वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना उभी राहिली. शहरातल्या पगारदाराने द्यायचे आणि माळरानावरच्या बाईच्या हातात मजुरी पडायची. यात आकडा आहे, तारीख आहे, दारात उभा राहणारा माणूसही आहे, पण तो मागायला नव्हे, द्यायला आलेला. ही कथा मी दोनदा लिहायला घेतली आणि दोनदा फाडली, कारण तिच्यात खलनायक सापडेना. तिसऱ्यांदा लिहीन म्हणतो. या पाडव्याला त्यासाठी कोरी वही आणली आहे, आणि तिचे रीतसर बिलही घेतले आहे.