खालच्या ओळीतले रडणे

शोक म्हणजे श्रद्धेचा पराभव, असे मानणारी एक सोवळी दृष्टी आपल्या कलासमीक्षेत फार दिवस ठाण मांडून बसली आहे. तिच्या लेखी धार्मिक शिल्पात शांती तेवढी श्रेष्ठ. जो रडतो तो कच्चा, अज्ञ. ही दृष्टी अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणशिल्पाला लावली तर काय हाती लागते आणि काय निसटते, हे तपासले पाहिजे. प्रश्न केवळ कलेचा नाही. आमच्या शिरपूर-धुळ्याकडच्या वस्त्यांत मयताच्या घरी हेल काढून रडणाऱ्या बायांना ‘बौद्ध झालात ना, मग रडता कशाला?’ असे दटावणारे कार्यकर्ते आजही भेटतात. त्यांचा आणि सौंदर्यवाद्यांचा युक्तिवाद एकच आहे.

लेण्यात शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची बुद्धमूर्ती उजव्या कुशीवर पहुडलेली आहे. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. मूर्तीच्या वर देवगण आहेत. तथागत मुक्त झाले म्हणून ते आनंदात आहेत. खाली, मंचकाला टेकून, शोक करणाऱ्यांची ओळ आहे. कुणाची मान खाली गेलेली, कुणाचा हात गालाला. वर उत्सव, खाली आकांत, आणि दोहोंच्या मध्ये ते निश्चल शरीर. रूढ समीक्षा मधल्या शरीराची शांती आणि वरच्यांचा आनंद यांची थोरवी गाते व खालच्या ओळीला कोपऱ्यातला तपशील समजते.

पण लेण्याची रचनाच या समीक्षेच्या विरोधात उभी आहे. देवांकडे मान वर करून पाहावे लागते. प्रदक्षिणेच्या अरुंद वाटेने जाणाऱ्या माणसाच्या अगदी जवळ येतात ते रडणारे. पाहणारा या ओळीतूनच बुद्धापर्यंत पोचतो. शिवाय हे लेणेच एका स्मरणातून निघाले आहे. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने अश्मक राज्याचा अमात्य भव्विराज या आपल्या मित्राच्या सन्मानार्थ ते कोरवून घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. विरक्त भिक्खूलाही मित्र विसरता आला नाही. त्या लेखात छिन्नी चालवणाऱ्या एकाही पाथरवटाचे नाव नाही, हेही लक्षात ठेवू. नाव नसलेल्या त्या हातांनी सर्वांत जिवंत कोरले ते रडणारेच.

युरोपात हाच प्रश्न एका चित्रकाराने वेगळ्या रीतीने सोडवला. मथियास ग्र्युनेवाल्ड याने 1512 ते 1516 या काळात आल्सास प्रांतातील इझेनहाइमच्या मठासाठी वेदीमागची चित्रे रंगवली. आज ती कोल्मारच्या संग्रहालयात आहेत. हा मठ रुग्णसेवा करणाऱ्यांचा होता. राय या धान्यावरील बुरशीमुळे हातपाय जळू लागत, सडत, कापावे लागत. लोक त्याला ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. आपल्या बाजरीवर पडणारा अरगट हा त्याच बुरशीचा भाऊबंद. दुष्काळात असे सदोष धान्य ज्याच्या ताटात पडे तो अर्थातच गरीब. ग्र्युनेवाल्डने क्रूसावरच्या ख्रिस्ताचे अंग जखमांनी व काट्यांनी भरून टाकले, बोटे वेदनेने वाकडी केली. शेजारी पांढऱ्या वस्त्रातली आई शुद्ध हरपून कलंडते आहे, मग्दालीया गुडघे टेकून हात पिळते आहे. सडत्या देहाच्या रोग्याला देवाच्या देहात आपला देह दिसावा, अशी ही रचना आहे.

अजिंठ्याच्या शिल्पकाराने हे केले नाही. महापरिनिब्बान सुत्तानुसार अखेरच्या दिवसांत बुद्धाला रक्ताचा अतिसार झाला होता, तीव्र वेदना होत होत्या. शिल्पात त्यांचा मागमूस नाही. वेदना बुद्धाच्या अंगावरून काढून घेऊन ती भोवतीच्या माणसांकडे सोपवली आहे. यात तोटा आहे. दुखणाऱ्या देहाला इथे आरसा सापडत नाही. पण एक लाभही आहे, आणि तो थोडाथोडका नाही. इथे दुःख देवाच्या वतीने भोगले जात नाही. ते माणसाचेच राहते, आणि माणसांनी एकमेकांना आधार द्यायचा असतो.

सुत्तातही वीतराग आणि न झालेले अशी प्रतवारी आहे, हे मान्य. परंतु त्याच सुत्तात आनंद दाराला टेकून रडतो, तेव्हा बुद्ध त्याला हाकलत नाहीत. जवळ बोलावतात, समजावतात, आणि त्याने केलेल्या सेवेची सर्वांसमक्ष वाखाणणी करतात. ज्याच्या घरचे जेवण अखेरचे ठरले तो चुंद लोहाराचा पोर. त्याला कुणी बोल लावू नये, त्याच्या मनाला टोचणी लागू नये, म्हणून मरणाच्या दारातला माणूस निरोप ठेवतो. ज्या धम्माचा शास्ता कष्टकऱ्याच्या संभाव्य दुःखाची एवढी काळजी घेतो, त्या धम्मात अश्रूंना मज्जाव कसा असेल?

याचे उत्तर आपल्या इतिहासानेही दिले आहे. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निर्वाण झाले. 7 डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. मुंबईत 16 डिसेंबरला व्हायची असलेली दीक्षा त्यांच्या हस्ते आता होणार नव्हती. तेव्हा चितेसमोरच, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून, शोकाकुल जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली. त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग त्रिशरण म्हटले, असे झाले नाही. रडणारा कंठ आणि शरण जाणारा कंठ एकच होता. त्या दिवशी शोक हेच श्रद्धेचे प्रवेशद्वार झाले.

म्हणून सव्विसाव्या लेण्याकडे खालून वर पाहावे. आनंदात असलेले ते देव आपले कुणी नाहीत. त्यांनी काहीच गमावलेले नाही. ज्यांनी गमावले ते खाली बसले आहेत. मयताच्या घरी हेल काढणारी बाई त्या ओळीतली आहे. तिला गप्प करण्यापूर्वी आपण कोणत्या ओळीत उभे राहून बोलतो आहोत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आणि समीक्षकांनी स्वतःला विचारावे.